देव्हाऱ्यातली खडीसाखर

रेवा, निहार,

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांना नाही – आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

मग आताच का? रेवा, गेल्या रविवारी फोनवर तू हसत हसत एक वाक्य बोललीस, म्हणून. तुझ्या कॉफीतल्या त्या गोडाच्या गोळ्यांची तुझ्या आईला काळजी वाटते, आणि तू तिला म्हणालीस, "आजीकडे बघ. इतकी वर्षं घेतेय. तिला काही झालं का? आजी हाच पुरावा."

मीही हसले. फोन ठेवला, भांडी लावली, परसातलं कण्हेर बघून आले. पण 'पुरावा' हा शब्द काही पाठ सोडेना. मी पुरावा? बाळांनो, मी कसला पुरावा आहे ते तुम्हाला माहीत नाही.

सुरुवात कुठून करू? मी सगळं जागच्या जागी ठेवणारी बाई आहे हे तुम्ही जाणताच. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि निहार लहानपणी त्या चिठ्ठ्या बदलून मला छळायचा. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. वाक्य पूर्ण करा, रिकाम्या जागा भरा, कर्ता ओळखा – हेच करत आले. इथे बोरी गावात सगळे मला 'ताई' म्हणतात, पण त्या 'ताई'त थोडी 'बाई'सुद्धा आहे – शाळेतली.

तुम्हाला आमच्या घराच्या मध्ये भिंत दिसते. अलीकडे मी, पलीकडे नाना आणि इंदूआजी. तुम्हाला वाटत असेल, घर बांधलं तेव्हापासूनच ती तिथे आहे. नाही. तुमच्या बाबांच्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं आमची चूल एकच होती. तुमचे आजोबा आणि नाना, दोघे सख्खे भाऊ. मी थोरली जाऊ, इंदू धाकटी. मी शाळेत जायचे आणि इंदू घर चालवायची. ती आण्याच्या पठारावरची, कोरड्या रानातली. पहिल्यांदा इथला ऊस बघून म्हणाली होती, "ताई, हितं तर पाटाला बी ग्वाड पानी येत आसंल!" तिच्या हातचा चहा पिण्यासाठी माणसं वाट वाकडी करून यायची.

मी निवृत्त झाले आणि मधुमेह निघाला. नारायणगावच्या डॉक्टरांनी साखर बंद केली आणि चहापुरत्या गोळ्या सांगितल्या. छोटी डबी, वर बटण. दाबलं की एक गोळी टप्पकन खाली पडते. मी डबीतलं माहितीपत्रक वाचलं – आणि मग काय विचारता! मी आळीतली डॉक्टरच झाले. बायका विचारायच्या, "ताई, हिनं साखर वाढत न्हाई म्हंता, मग ग्वाड कशी लागती?" मी ऐटीत सांगायचे, "ही जिभेला फसवते, रक्ताला नाही." वाक्य मला फार आवडलं होतं. लग्नाकार्यात ताटातली जिलेबी बाजूला सारून मी पर्समधून डबी काढायचे, आणि लोक कौतुकाने बघायचे. ताईंचा निग्रह!

त्या गोळ्यांवरून घरात एक विनोदही झाला होता. इंदूने पहिल्या दिवशी साखर घालतात तशाच त्या गोळ्या पातेल्यात टाकल्या, आलं-चहापत्तीबरोबर, आणि आपल्याकडे उकळतात तसा चहा रटरट उकळला. घोट घेतला तर सपक. ती आणखी गोळ्या टाकत गेली. "ताई, सा-सात घातल्या की वो! ग्वाड ग्येलं कुठं?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मी माहितीपत्रक वाचलं. त्यात लिहिलं होतं, ही गोळी उकळली की गोडी जाते; चहा गाळल्यावर कपात टाकायची. मी एकदा सांगितलं. इंदू पुन्हा कधीही चुकली नाही. माझा कप ती वेगळा काढायची, बशीत गोळी ठेवायची, आणि माझ्यासमोर टाकायची.

ती कधीही चुकली नाही – हे लक्षात ठेवा. मला ते माहीत होतं.

आता जवळ आलेय. तरी हात थांबतोय.

गोळीची गोडी जरा उशिरा येते आणि नको तितका वेळ जिभेवर रेंगाळते. पण मन भरत नाही. निदान माझं भरत नव्हतं. आणि आपण चहातली साखर सोडली म्हणजे आपल्या नावावर काहीतरी शिल्लक पडलं, असं उगाच वाटायला लागतं. एका सकाळी पूजा झाल्यावर नैवेद्याचा खडीसाखरेचा खडा मी तोंडात टाकला. प्रसादच तो – प्रसाद नाकारतं का कुणी? दुसऱ्या दिवशी दोन. मग संध्याकाळी दिवा लावतानाही. भीमाशंकरला जाऊन येणारा प्रत्येक जण खडीसाखरेची पुडी आणून द्यायचा, आणि ती देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात मी रिकामी करायचे. घरातल्या सगळ्या डब्यांत चिठ्ठी नसलेला तो एकच डबा. देवाच्या डब्यात कोण डोकावणार? मी दार लोटून घ्यायचे. मूठ भरून घ्यायचे. दातांखाली आवाज होऊ नये म्हणून चघळत बसायचे, आणि घरातले म्हणायचे – ताईंची पूजा अलीकडे लांबते.

मुंग्यांना मात्र काही सांगावं लागत नाही. एकदा देवघर झाडताना इंदू म्हणाली, "ताई, देव लई ग्वाड खायला लागलाय बगा. पार रांग लागलीया मुंग्यांची." आणि हसली. मीही हसले. तिने डब्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली आणि पुढच्या कामाला गेली.

तिला कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही.

मग तुमचे बाबा सुट्टीवर आले. मला तपासणीला घेऊन गेले. तीन महिन्यांची साखर दाखवते ती तपासणी – तिच्यापुढे आदल्या दिवशीचा उपास चालत नाही. आकडा इतका वर होता, की डॉक्टरांनी पायांना मुंग्या येतात का, नीट दिसतं का, असं सगळं विचारलं. बाबा घाबरला होता. त्याला दोष देऊ नका. घरी आल्यावर पडवीत सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "आई, तू तर साखरेला हात लावत नाहीस. मग ही आली कुठून?"

आजोबा होते, नाना होते. इंदू माझ्यासाठीच पाणी घेऊन आली होती.

एवढंच म्हणायचं होतं – मी खाते, चोरून. तीन-चार शब्द. शाळेत मी पोरांना उभं करून खरं बोलायला लावलं होतं, छडीशिवाय. मला का जमलं नाही? लाज वाटली. ती जिलेबी बाजूला सारणारी बाई मला सोडवेना.

मी म्हणाले, "त्या गोळ्या उकळल्या की गोडी जाते. चहा इंदू करते. तिला तो सपक लागत असेल, म्हणून मग…"

आणि थांबले. बघा, वाक्य पूर्ण करा म्हणून जन्मभर सांगणारी मी – ते वाक्य अर्धं सोडलं. रिकामी जागा ठेवली. ती बाबाने भरली. "काकू, तू साखर घालत होतीस? आईच्या चहात?"

इंदूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "म्या? म्या कशाला घालीन रं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुमी सांगा की."

तिला देव्हाऱ्याकडे नुसतं बोट दाखवता आलं असतं. मुंग्यांची गोष्ट सांगता आली असती. तिने तसं केलं नाही. ती माझी वाट बघत उभी राहिली.

मी म्हणाले, "जाऊ दे इंदू. माणसाकडून चुकून होतं."

कळतंय का तुम्हाला मी काय केलं? मी तिला माफ केलं. सगळ्यांसमोर, मोठ्या मनाने. जे तिने केलंच नव्हतं त्याची माफी दिली, आणि आजोबा म्हणाले, "बघा, किती समजूतदार आहे." नुसता आळ असता तर ती भांडली असती. माफीशी कसं भांडणार?

पुढचं भराभर झालं. गोष्ट डेअरीवर पोचली. दूध घालायला गेलेल्या नानांना कुणीतरी म्हणालं, "काय राव नाना, तुमच्यात जावंला साखर पाजून मारत्यात व्हय?" सगळे हसले. नाना हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं – चूल वेगळी करू. कारण निराळंच दिलं, सुनांची सोय वगैरे. आजोबांनीही ताणलं नाही. भिंत झाली.

आणि आता सगळ्यात वाईट भाग. त्या घाबरण्याने माझी खडीसाखर सुटली. पितळी डबा मी रिकामा करून घासून उपडा ठेवला. चहा माझा मीच करू लागले, औषधं वेळेवर, चालणं नेमाने. पुढच्या तपासणीत साखर उतरली. डॉक्टर खूश, बाबा फोनवर खूश. आणि घरीदारी सगळे म्हणाले – बघा, इंदूचा हात बाजूला झाला आणि साखर खाली आली! माझं सुधारणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. तेव्हा तरी बोलायचं ना? उलट, आता तर सगळं जुळलं, आता कशाला उकरायचं, असं मी स्वतःला समजावलं. मी बरी होत गेले आणि ती खोटी ठरत गेली.

आजोबा गेले ते तसंच मानून गेले. शेवटच्या आजारपणात इंदू त्यांच्यासाठी पेज घेऊन यायची, तर माझ्याकडे बघून हळूच विचारायचे, "साखर नाही ना घातली हिने?" थट्टेत. तीही ऐकायची. मी पदराने त्यांचं तोंड पुसायचे.

तर रेवा, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर – मला माहीत नाही. गोळीने रक्तातली साखर सहसा वाढत नाही, असं माझे डॉक्टर सांगतात. वर्षानुवर्षं रोज घेतल्याने काय होतं, यावर जाणत्या माणसांचंही अजून एकमत नाही. त्यात एक जन्मजात दुर्मीळ आजार असतो, तो असणाऱ्यांनी ही गोळी घेऊच नये, हेही माहितीपत्रकात आहे. हे सगळं तुझ्या डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे, माझ्याकडे बघून ठरवण्यासारखं नाही. माझ्या वाईट दिवसांचा दोष गोळीचा नव्हता, आणि बऱ्या दिवसांचं श्रेयही एकट्या गोळीचं नाही. त्या गोळीने फक्त जीभ फसत होती. बाकी सगळ्यांना मी फसवलं.

आज दुपारी मी इंदूकडे गेले होते. हे सगळं आधी तिला सांगायचं आणि मग तुम्हाला, असं ठरवून गेले होते. ती शेंगा फोडत बसली होती. "या ताई," म्हणाली, आणि उठून चहा टाकला. आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो, बिबट्याने कुणाचं वासरू नेलं त्याबद्दल बोललो. मी दोनदा सुरुवात केली – "इंदू, एक सांगायचं होतं." ती दोन्ही वेळा हातातली शेंग तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. अगदी तेव्हासारखी. आणि मी कण्हेराबद्दल काहीतरी बोलले.

घरी येऊन हे लिहायला बसले. तुम्ही लांब आहात म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं जातंय, हेही मला समजतं. तुमच्या बाबांपासून हे लपवू नका. वाचल्यावर तो पलीकडच्या घरी फोन लावेल, आणि भिंतीतून मला तो वाजलेला ऐकू येईल. मग इथे माझ्याबद्दल जे बोललं जाईल, ते माझं आहे.

मागच्या खेपेला तुम्ही इंदूआजीकडच्या चहाला हसला होतात, आठवतं? 'हॉटेल' म्हणाला होतात. गावातही हसतात. एवढी चहाची बाई, आणि आलेल्याला सपक चहा देते! कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते – तो चहा भिंत झाली तेव्हापासूनचा आहे. त्या दिवसानंतर इंदूने कुणाच्याही चहात आपल्या हाताने साखर घातलेली नाही. नानांच्या नाही, नातवंडांच्या नाही, पाव्हण्यांच्या नाही. चहा बिनसाखरेचाच येतो. शेजारी साखरेचा डबा येतो, झाकण काढलेला, आत चमचा. "तुमची तुमी घ्या," म्हणते आणि हात मागे घेते.

आजही तसाच आला.