मामाजींची पाठीवरची थैली

आमच्या कामरगावात माझ्या मामेसासऱ्यांच्या तावडीतून एकही वस्तू बिनचौकशीची सुटली नसेल. पळी असो, कंदील असो, ते ती उलटी करत, हुंगत आणि तिलाच विचारत, "तू कोनासाठी हायस, बाई?" मला पाहायला आले तेव्हा मी पाटावर घामाघूम होऊन बसले होते. मामाजींनी मला उठायला सांगितलं. मला वाटलं, आता चालून दाखवायचं. त्यांनी पाट उचलला, पालथा केला आणि माझ्या बापाला विचारलं, हा बसणाऱ्यासाठी केला की सुताराच्या सोयीसाठी? मग सगळे पाटावरच बोलत बसले आणि त्या गडबडीत माझं लग्न ठरून गेलं. तेव्हापासून मामाजी मला फार आवडत, पण पदर सावरण्यापलीकडे मी त्यांच्यासमोर कधी काही बोलले नाही.

त्यांचं एकच म्हणणं होतं, "बनवनारा वस्तू बनवते. तिचा माल घेनारा करते." हे ते न्हाव्याला सांगत, बसच्या कंडक्टरला सांगत, तेरवीच्या पंगतीत वाढणाऱ्यालाही थांबवून सांगत. मंगरूळपीरच्या बाजारात माठ घ्यायला गेले, तर माठाचं तोंड केवढं असावं यावर कुंभाराशी दुपारपर्यंत बोलत बसले. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकं मामाजींनाच कुंभार समजून भाव करून गेली. घरी आले ते माठ विसरून.

त्यांनी स्वतः केलेल्या वस्तूंचा मात्र माल काही होत नव्हता. चुलीसाठी भाता केला, तर पहिल्याच फुंकरीला सगळी राख भाकरीवर. शेवटी मामीजी चिडल्या. म्हणाल्या, या हंगामात तुमची एक तरी वस्तू कोणी आपल्या मनानं घेतली तर ठीक, नाहीतर शिलाई मशीन इंझोरीला माझ्या बहिणीकडे जाईल. मामाजींचा सगळा जीव त्या मशीनमध्ये.

वेचणीच्या बाया कापूस लुगड्याच्या ओटीत भरतात, कंबर भरून येते. मामाजींनी पोत्यांच्या थैल्या शिवल्या, पाठीवर अडकवायच्या. अंगणात स्वतः घालून पाहिली. खांद्यावरून कापूस मागं फेकायचा, बारा वाटांनी उडायचा, पण मामाजी खूश. शेतात बायांचे हात मागं पोचेनात. मग मामाजींनीच तोड काढली, की प्रत्येकीनं शेजारणीच्या पाठीत टाकावा. दिवसभर मोठी मजा झाली. संध्याकाळी काटा लागला आणि तमाशा झाला, कारण मजुरी जिच्या तिच्या थैलीच्या वजनावर. सगळ्यांत आळशी बाईची थैली सगळ्यांत जड भरली, कारण तिची शेजारीण सगळ्यांत चपळ. ती चपळ बाई मामाजींना म्हणाली, "भाऊ, माहा कापूस इच्या पाठीवर, मंग इची भाकर माया पोटात घालता काय?" थैल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टाकून बाया निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारात बैलबंडी उभी राहिली. मशीन बंडीत चढवलं तरी मामाजी त्याला तेल देतच होते. परक्या घरी चाललंय, कुरकुर करू नये, असं म्हणाले. मामीजी पाहत राहिल्या. मग त्यांनी टाकलेल्या थैल्यांतली एक उचलली, झटकली आणि पोटावर अडकवली. दोन्ही हात आत घालून पाहिले.

"ओटी समोर असते. तुमाले पोटच नाही, तुमाले कसं समजन?"

मामाजी तेलाची बुधली खाली ठेवून जवळ आले.

"पट्टी काखेत काचते. रुंद करा. अन् मशीन उतरवा, हातानं शिवान काय?"

मामाजी सुतळी घेऊन त्यांच्या खांद्याचं माप घेऊ लागले. माप पुन्हा पुन्हा घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही विचारलं नाही.

गावात दुसऱ्या कोणी ती थैली घेतली नाही. मामाजी मात्र दरसाल वेचणीआधी एक थैली शिवत, मामीजींच्या मापाची. ते गेले त्या वर्षीही ती शिवून तयार होती. मामीजी ती घालून माझ्याबरोबर वेचायला आल्या, पण अर्धी भरली की रिकामी करून येत. एवढ्या खेपा कायले घालता, मी विचारलं.

थैलीच्या शिवणीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "उसवली त शिवन कोन?"