खांब, सारस आणि भावजींचा गुडघा

सुलभाचा फोन आला तेव्हा मी नातीशी डब्यावरून भांडत होते. खाली शाळेची बस येऊन उभी, नात म्हणतेय, "आजी, नोबडी ईट्स थालीपीठ इन माय क्लास," आणि मी फोन खांद्यात अडकवून डब्याचं झाकण दाबतेय. "वहिनी, अरुण गेला," सुलभा म्हणाली. "पहाटे छातीत दुखलं, हॉस्पिटलात पोचलो, पण..." मी म्हटलं, "अगं, काल तर..." आणि पुढचं वाक्यच सापडेना. गेलेल्या प्रत्येक माणसामागे कुणाचं तरी एक 'काल तर' राहून जातं. माझं असं, की काल तर संध्याकाळी भावजी शारजाच्या आमच्या ह्या अल नहदातल्या घरी, माझ्यासमोर बसून, साबुदाण्याची खीर दुसऱ्यांदा मागून घेऊन यंदाच्या पोरांवर वैतागले होते. "वहिनी, एकही धड सेंटर नाही हो. सगळ्यांना लांबून बॉल टाकायचाय. बास्केटखाली उभं राहायला कुणी तयार नाही." मी म्हटलं, "ऊन लागत असेल तिथे." खळखळून हसले. त्याला आता काही आठवडे झाले, आणि हे लिहायला बसले तर मला सगळ्यात आधी ते हसणंच ऐकू येतंय.

अरुण माझा धाकटा दीर. उंची सहा फूट चार इंच. मुंबईत कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सेंटर होता, म्हणजे सगळ्यांत उंच, बास्केटखाली उभं राहून धक्के खाणारा आणि इतरांचे चुकलेले बॉल झेलणारा. बाविसाव्या वर्षी उडी मारून खाली येताना डावा गुडघा फिरला, त्या काळी कुणीतरी हाडवैद्याकडे नेलं, आणि खेळ तिथेच थांबला. चाल मात्र कायमची बदलली. भावजी पाय किंचित ओढत चालायचे. नव्वदच्या दशकात ते आखातात आले, शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या, म्हणजे करमुक्त उद्योगवसाहतीतल्या, एका कारखान्यात लागले आणि दुबईत अल कुसैसला आमच्या दोन खोल्यांत राहिले. पस्तिशी उलटली होती, लग्न नव्हतं. आणि माझं त्या दिवसांतलं एकमेव जीवितकार्य म्हणजे भावजींचं लग्न.

तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावं. केसांना पर्म, हातात सोन्याच्या बांगड्यांचा खणखणाट, आणि कुसैसच्या निम्म्या मराठी घरांतली लग्नं आपणच जमवली असा ठाम समज. आज ती बाई दारात येऊन उभी राहिली तर मी आतून आवाजसुद्धा देणार नाही. मुलगी पाहायची तर आधी तिची आई पाहावी, मुलगा पाहायचा तर तो वाढणाऱ्याला "पुरे" कधी म्हणतो ते पाहावं, असली माझी शास्त्रं. आणि हीच शास्त्रं मी बास्केटबॉललाही लावत असे, कारण भावजींसोबत राहायचं तर त्यातून सुटका नव्हती. अमेरिकेतले व्यावसायिक संघ दर जूनमध्ये कॉलेजातली आणि परदेशातली नवी पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडीच्या फेऱ्या दोन, भरवशाची पोरं पहिल्या फेरीतच जातात. आदल्या मोसमात जे संघ सपाटून हरले, त्यांची पाळी साधारण आधी. ही पद्धत मला फार आवडली. ज्याच्या घरी चणचण, त्याला आधी वाढा. भावजी महिनोन् महिने त्या पोरांची तुलना करत बसायचे. बाकीच्यांची फारशी नाही, सेंटरची. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "म्हणजे तुम्हीही स्थळंच बघता की." "वहिनी, मी निदान चहा-पोहे खात नाही त्यांच्याकडे," ते म्हणायचे.

त्या वर्षी दोन सेंटर होते. त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी बारसं केलं. एक खांब आणि एक सारस. खांब नावाप्रमाणे. खांदे दरवाजाएवढे, एकदा बास्केटखाली ठाण मांडलं की हलायचं नाव नाही. सारस नुसता पाय आणि मान, वाऱ्याने वाकेल असा, पण त्याच्या हातात बॉल आला की इतर चौघं एकदम शहाणी वाटायला लागत. कुणाला कुठे द्यायचा ते ह्याला न बघता कळायचं. फक्त त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टा होता. शुक्रवारी दुपारी जेवणाआधी क्रीडा वाहिनीवर त्यांच्या जुन्या मॅचेस परत लागत. आमच्या व्हीसीआरने नेमकं रेकॉर्डिंग सोडलं होतं, म्हणून भावजींनी स्वतःचा तो धिप्पाड, मोठी कॅसेट पोटात घेणारा व्हिडिओ कॅमेरा स्टुलावर ठेवून टीव्हीकडे रोखला होता. त्यामुळे चित्राबरोबर आमचं भांडणही आत जात होतं.

"हा तुमचा खांब बघा," मी म्हटलं, "समोरचा पडला तरी ढुंकून बघत नाही. सारसाने हात दिला त्याला उठायला. आणि त्याची आई बघा ना, मुलगा बॉल चुकवतो तर हसतेय. अशा घरात द्यावं."

"वहिनी, आपण सून करून घेत नाहीये."

"मग तुम्ही कोणाला घेणार?"

"खांबाला. पहिल्या फेरीत, डोळे मिटून."

"आणि आवडतो कोण?"

"सारस. पण गुडघा बघा त्याचा. खलास होणार तो दोन वर्षांत. गुडघा गेलेल्याला कुणी पहिल्या फेरीत घेत नाही... आणि घेऊही नये. मला विचारा."

मी लाटणं थांबवलं होतं की नाही ते आठवत नाही. ते काही फक्त सारसाबद्दल बोलत नाहीयेत, एवढं मात्र त्या पर्मवाल्या बाईलाही कळलं. लग्नाचा विषय काढला की भावजी मुलींत खोट काढायचे. ही फार शिकलेली, ती फार लांबची. खरं म्हणजे आपल्याला चालताना कुणी पाहावं, हेच त्यांना नको असायचं. कुठेही गेलो तरी सगळ्यांच्या आधी आत शिरून बसून घ्यायचे. एकदाच मला म्हणाले होते, "स्थळ बघा वाटलं तर, पण गुडघ्याचं आधी सांगा." मी म्हटलं होतं, "सांगू की." मनात म्हटलं होतं, साखरपुड्यानंतर.

तर तेव्हा नाशिकचं एक स्थळ आलं होतं. सुलभा. फिजिओथेरपिस्ट, तिशी ओलांडलेली, मामांनी वाढवलेली. मी भावजींचा व्हिडिओ पाठवायचा घाट घातला. आमच्या धाकट्याच्या वाढदिवसाची कॅसेट होती, त्यात भावजी पूर्ण वेळ सोफ्यावर बसलेले. सोफ्यावर बसलेला इतका देखणा पुरुष त्या काळी आख्ख्या आखातात नसेल! शेजारचे कुलकर्णी सुट्टीवर नाशिकला निघाले होते. आमच्याकडे कुणी माणूस भारतात निघाला की त्याच्या बॅगेचं वजन त्याचं राहत नसे. बदाम, केशर, साबणाच्या वड्या, शिवाय घाईघाईत कपाटातून काढलेली कॅसेट, हे सगळं मी त्यांच्या गळ्यात मारलं. त्याच्या आदल्या दिवशीच मी कपाट आवरलं होतं. सगळ्या कॅसेट पुसल्या, सगळी कव्हरं पुसली, आणि मग कॅसेट परत कव्हरांत घातल्या. कोणती कशात घातली, ते माझं मलाच ठाऊक... म्हणजे नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात नाशिकहून फोन. मामांचा आवाज अतिशय सभ्य आणि अतिशय गोंधळलेला. "वहिनी, कॅसेट मिळाली. आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. शेजारचेही आले होते. पण ह्यात... आपला मुलगा नेमका कोणता?"

मला आधी काही उमजेना. मग मामा म्हणाले, "दोघेही काळेसावळे आहेत, त्याचं काही नाही हो, पण सात फूट म्हणजे..." आणि कपाट आवरताना अदलाबदल झालेली कव्हरं माझ्या डोळ्यांसमोर आली. नाशिकच्या त्या घरात मंडळींनी चहा घेत, दोन तास, चड्डी-बनियनमध्ये धावणारी दोन अमेरिकन पोरं मुलगा म्हणून पाहिली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तोच पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला.

"वहिनी, मी सुलभा. मागे मराठीत कोण बोलतंय त्यात?"

"एक मी."

"ते कळलं. दुसरे?"

"ते... आमचे भावजी. अरुण."

"ज्यांचा गुडघा गेलाय ते?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. कॅमेऱ्याने सगळं सांगून टाकलं होतं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "त्यांना द्या फोन."

भावजी नुकतेच कामावरून आले होते. पडलेला चेहरा घेऊन, जणू नकार ऐकायलाच, त्यांनी फोन कानाला लावला. मग मला ऐकू आलं ते असं. "नमस्कार... हो... नाही, गुडघाच आहे... अहो मॅडम, मी खेळलोय, मला कळतं... खुबा? खुब्याचा काय संबंध?... नाही, हे मला मान्य नाही." सारसाचा गुडघा बिघडलेला नाही, तो खुब्यातून नीट वळत नाही म्हणून सगळा भार गुडघ्यावर येतो, हे दुरुस्त करता येतं आणि तुम्ही त्या पोराला उगीच दुसऱ्या फेरीत ढकलताय, असं ती सांगत होती. परदेशी फोनचा भाव तेव्हा अंगावर काटा आणणारा. पलीकडून मामांचं "सुले, पुरे, अगं आय.एस.डी. आहे!" मलाही ऐकू येत होतं. भावजींनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ खोलीत फेऱ्या मारत राहिले. पाय ओढत, आमच्या सगळ्यांसमोर, बिनदिक्कत. "काय आगाऊ मुलगी आहे," म्हणाले. मग म्हणाले, "जुलैत नाशिकला जायचंय ना आपण?"

गेलो. मामांनी पोहे केले होते, मुलीने नव्हे, तिथेच माझं एक शास्त्र कोसळलं. सगळे बसल्यावर सुलभा सरळ भावजींना म्हणाली, "थोडं चालून दाखवता?"

माझ्या वेळी मला चालायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता, पाय तपासले होते. मुलाला कुणी चालायला लावलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. भावजींच्या कपाळावर घाम. मी मध्ये पडणार होते, पण आमच्या ह्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. भावजी उठले. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. सहा फूट चार इंचाचा तो माणूस आणि त्याची ती ओढलेली चाल, इतक्या लोकांच्या नजरेसमोर.

"बूट काढा. आता पुन्हा," सुलभा म्हणाली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. जमिनीवर बसून पावलांकडे बघत होती. मग उठून म्हणाली, "हा आता पूर्ण बरा होणार नाही. पण इतका दुखायचीही गरज नाही."

मला वाटतं, त्या गुडघ्याकडे कुणी असं, दया न करता, नुसतं नीट पाहिलंच नव्हतं तोवर. मग भावजी म्हणाले, "सांगितलं होतं ना त्या कॅसेटमध्ये... असल्याला पहिल्या फेरीत कुणी घेत नाही."

"माझ्याकडे एकच फेरी असते," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. मामांना ठसका लागला.

लग्न मी जमवलं, असं मी पुढे सगळ्या आखातात सांगत फिरले. भावजींनी कधी ते खोडून काढलं नाही. फक्त कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "वहिनींचं कपाट आवरणं फार शास्त्रशुद्ध आहे." तिकडे खांब पहिल्या पाचांत निवडला गेला आणि काही वर्षांत स्वतःच्याच वजनाखाली बसला. सारस दुसऱ्या फेरीत गेला. नामवंत झाला नाही, पण बदली खेळाडू म्हणून बरीच वर्षं टिकला. कुणाचं खरं ठरलं, ह्यावर नवरा-बायकोचं एकमत कधीच झालं नाही. पुढे आम्ही अल नहदाला आलो, तसे तेही जवळच राहायला आले, सुलभा इथल्या एका क्लिनिकमध्ये लागली, आणि दर जूनला नव्या सेंटरांवर तोच वाद. तो खुब्यातून वळतो का, बॉल देताना बघतो का, पडलेल्याला उठवतो का. हा शेवटचा निकष माझा, तो त्या दोघांनी मनापासून स्वीकारला होता, असं मी समजते.

मागच्या आठवड्यात सुलभाला थोडं बाहेर काढावं म्हणून गेले. घर नीटनेटकं होतं, ती नीटनेटकी होती. लिफ्टने खाली आलो. त्यांच्या इमारतीच्या दाराबाहेर रस्त्याला लागेपर्यंत थोड्या पायऱ्या आहेत. तिनेच भावजींना शिकवलं होतं, की चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा. डावा खाली, मग उजवा त्याच्याशेजारी, मग क्षणभर थांबायचं. इतकी वर्षं ती त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच लयीत, ह्या पायऱ्या उतरत आलेली. मी कठड्याला धरून आधी उतरले आणि वळून पाहिलं. सुलभाने डावा पाय खाली टाकला. उजवा आणून त्याच्याशेजारी ठेवला. थांबली.

"काय गं, गुडघा दुखतोय की काय?" मी विचारलं.

"छे हो वहिनी. माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत."

मग तिने खाली स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली... आणि पुढची पायरी तशीच उतरली. डावा आधी.