एक सीट कमी

परवा इंजेक्शनआधी नर्सने दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासाबरोबर कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. कॉलेज नंदुरबारला, आमचं खेडं प्रकाशा नावाच्या गावाजवळ, आणि तिथून जाणारी प्रवासी जीप भरल्याशिवाय हलायची नाही. म्हणून वेळापत्रक लागताच मी जीपवाल्याशी सौदा केला की रोज ओरडून सीटा मी भरीन, तुम्ही मला पहिल्या तासाला पोहोचवा. पहिल्या प्रॅक्टिकलला जो नसेल त्याची विज्ञान शाखेतली जागा दुसऱ्याला जाईल, असं सरांनी बजावलं होतं, आणि नेमकी त्याच सकाळी एक सीट भरेना. ओरडून घसा बसला. “काका, निंघा ना, मन्हं प्रॅक्टिकल शे!” तर तो म्हणाला, “तुन्हा मास्तर माले डिझेल देस का?” मांडीवर केळीची पाटी घेतलेली मावशी हसली, “बस रे भाऊ, मास्तर काय पयी जाई ऱ्हायना का?” मास्तर नाही, माझी जागा पळून चालली होती; मी चिडून जीपच्या दाराला लाथ मारली, तरी जीप जागची हलली नाही. एकदाची सीट भरली, पण पोहोचलो तेव्हा प्रयोगशाळेचं दार बंद होतं. खिडकीतून सरांशी घासाघीस केली, “मागे उभा राहतो, कशाला हात लावत नाही.” त्यांनी खिडकीही लावून घेतली. काचेतून सगळ्यांच्या स्पिरिटच्या दिव्यांच्या निळ्या ज्योती दिसत होत्या, माझ्या टेबलावरचा तेवढा विझलेला. माझी जागा गेली; पुढे वाणिज्य शाखा घेतली, धंद्यात नाव काढलं. सरांना मी अजून माफ केलेलं नाही, पण त्याहून जास्त सलतं ते हे की, तो दिवा एकदा माझ्या हाताने पेटायला हवा होता.