मुकादमाच्या तोंडचे पाच जबाब

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. आई-वडील दुसऱ्याच्या मळ्यात झेंडू तोडायचे. सरकारी कागद आला की वडील तो वाचून घ्यायला गावभर फिरायचे. मी बी.ए. झालो, फौजदार झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तरीही नाशिकजवळच्या ठाण्यात असताना माझ्या हातून जे झालं, ते आजही डोक्यातून जात नाही.

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या बागांत येतात. टोळीच्या वतीने बोलतो तो मुकादम. अशाच एका टोळीतली बाई पाय मोडून सरकारी दवाखान्यात दाखल झाली. बायकांची बोली आम्हाला नीट कळेना, म्हणून मुकादमालाच मध्ये बसवलं. तो सांगत गेला, रायटर लिहीत गेला. ती बाई आणि चार सोबतिणी, पाचही जबाब एकसारखे: बागेत काम करताना पाय घसरून पडली. खाली सही माझी.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. "साहेब, नाव इचारू नका. ती पडली नाय, मुकादमानं मारलंय. तिची धाकटी बहीण अजून त्याच्याच टोळीत हाय."

मी फाईल घेऊन वरिष्ठांकडे गेलो.

"कशाला उकरून काढता? पाच जबाब आहेत ना?"

"साहेब, जबाब एकच आहे. पाचदा लिहिलाय."

मुकादमाला ठाण्यात बोलावून बसवलं आणि त्यांची बोली जाणणाऱ्या सुरगाण्याच्या महिला शिपायाला घेऊन मी टोळीच्या झोपड्यांवर गेलो. एकेकीला वेगळं बसवलं. मारहाणीचं नावच काढलं नाही. फक्त विचारलं, त्या दिवशी बागेत वेलींची तुझी ओळ कोणती?

एक म्हातारी हसली. "ओळ इचारतोस व्हय? झोपेत सांगन."

चौघींनी आपापली ओळ सांगितली. जखमी बाईची ओळ? ती त्या दिवशी धाकट्या बहिणीने केली होती. म्हणजे बाई बागेत नव्हतीच.

धाकटी म्हणाली, "तू जाशील. मंग तो आमाला सोडल का?"

"तो ठाण्यात आहे. तू आता माझ्याबरोबर बहिणीकडे चल."

दवाखान्यात बहीण समोर दिसल्यावर ती बाई बोलली. घरी जायचं म्हणाली म्हणून मुकादमाने झोपडीतच मारलं होतं. शिपायाने जबाब तिच्याच बोलीत वाचून दाखवला, तेव्हा तिने थांबवलं. "दांडा नाय, लोखंडी पाइप. झोपडीमागं टाकला त्यानं." पंचांसमक्ष पाइप तिथेच सापडला.

चौकशीत मुकादम मलाच टोचून म्हणाला, "साहेब, आधीच्या जबाबांवर सही तुमचीच हाय."

"माझीच आहे. कोर्टातही तेच सांगणार."

सांगितलंही. जुने जबाब मी फाईलमधून काढले नाहीत. बचावाच्या वकिलांनी तासभर झोडपलं. प्रत्येक वेळी म्हणालो, चूक माझी, बाईची नाही. खात्यातले काही जण म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणोत.

माणूस खोटं बोलतो हे पोलिसाला लवकर कळतं. आपणच त्याच्या तोंडी खोटं घालतो, हे कळायला मला ही केस लागली. त्यानंतर मालक, मुकादम किंवा नवरा मध्ये बसवून मी एकाही बाईचा जबाब घेतला नाही.

कोर्टाने तिचा शब्द खरा मानला. मुकादमाला शिक्षा झाली आणि दोघी बहिणी आपल्या गावी परतल्या.