दोन घरांत एकच गाणं

फणसवाडीतल्या आमच्या जुन्या चाळीत रविवारी सकाळी मी गाणी लावायची... आणि एखादं आवडलं की शेजारच्या नलूताई मधल्या फळ्यांच्या भिंतीवर लाटण्याने दोनदा ठोकायच्या. म्हणजे, तेच पुन्हा लाव. मी हातातली भाजी खाली ठेवून कॅसेट मागे घ्यायची.

आता त्याच जागी मोठी इमारत आहे. आमची दारं अजून शेजारीशेजारीच, पण मधली भिंत सिमेंटची. खुब्याचं हाड मोडल्यापासून नलूताई अंथरुणावरच असतात. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर म्हणाल्या, "गाणी लावायची सोडलीस काय गो?"

मी तर रोज लावते... त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

आधी फोनवर लावून दिली. ऐकून म्हणाल्या, "हा कोण डास गातोय?" मग ब्लूटूथ स्पीकर नेऊन ठेवला, तर तो भिंतीपलीकडे गेला की मुका. शिवाय त्यांना वेगळी गाणी नकोच होती. "तू ऐकतेस तीच," एवढंच मागणं.

शोधता शोधता नेटवर्क स्ट्रीमर नावाची वस्तू कळली. छोटासा डबा असतो, वायफायवरून गाणं घेतो आणि वायरने जुन्या सेटला देतो. आमचा ॲम्प्लिफायर आणि नलूताईंचा जुना रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन, दोघांच्या पाठीचे फोटो काढले आणि लॅमिंग्टन रोड गाठला.

दुकानदार फोटो पाहून हसला. "मॅडम, हे सगळं काढून टाका, साउंडबार घ्या." मी म्हटलं, "सेट बदलायचे नाहीत. यांच्या मागच्या भोकांना जुळेल ते दाखवा." सोबत आलेला प्रकाश, माझा नवरा, हळूच म्हणाला, "पत्रिकाही आणायची होतीस."

एक भारी डबा आमच्यासाठी घेतला, एक दुसऱ्या कंपनीचा साधा त्यांच्यासाठी. वायरी अगदी बरोबर बसल्या. पण दोन्हीकडे एकच गाणं लावलं आणि दारं उघडी ठेवून मध्ये उभी राहिले... तर आरतीत मागची रांग रेंगाळते ना, तसं नलूताईंकडचं गाणं मागून येत होतं.

प्रकाश म्हणाला, "चालतंय की. त्यांना कुठे कळणार आहे?" मी म्हटलं, "मला कळतंय ना."

शाळेत सिस्टर सांगायच्या, उत्तर लिहिण्याआधी सूचना शेवटपर्यंत वाचा. चष्मा लावून माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एकत्र वाजवायचे तर दोन्ही डबे एकाच कंपनीचे हवेत आणि एकाच वायफायवर. दोन्ही परत केले, एका कंपनीची साधी जोडी आणली. राउटर उचलून मधल्या भिंतीला लावला, म्हणजे आमचं वायफाय त्यांच्या पलंगापर्यंत पोचेल.

रविवारी सकाळी गाणं लावलं. दारात उभी राहिले... मागचं पुढचं काही नाही, एकच सूर. सांगायला कशाला लाजू, स्वतःचा फार अभिमान वाटला मला.

गाणं संपलं आणि नलूताईंना सांभाळणारी सुनीता घाईघाईने आली. "काकू, जरा बघता का? आजी लाटणं मागतायत. उठून पोळ्या करायच्यायत की काय त्यांना?"

मी प्रकाशकडे बघून हसले. मग मी म्हटलं, "देऊन टाक गं. काही होत नाही."

थोड्या वेळाने भिंतीवर आवाज आला... अगदी बारीक, पण दोनदा.

तेच गाणं पुन्हा लावलं.

आता मुलांनो, वाचत असाल तर लक्षात ठेवा. माझ्यामागे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मीराने न्यावेत, लेक म्हणून पहिला हक्क तिचा. कॅसेटी प्रकाशच्या भावाला, त्याच्याकडे प्लेअर अजून चालतो. ते दोन डबे मात्र वेगळे करू नका. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुणा दोघींना द्या... आणि सोबत एक लाटणं.