तिरडी सोडा, बांबू इकडे आणा

नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या गेटवर मी पत्रकं वाटत होते, तेव्हा विमलमावशींच्या सुनेचा, संगीतावहिनींचा फोन आला. "ताई, आई गेल्या." हातातला गठ्ठा तसाच धरून मी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात आहेत?" वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायलाच नाही लागलं. चहा गाळता गाळता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत..." त्याला आता महिना होऊन गेला. विमलमावशींबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. मला पत्रक लिहिता येतं, असलं काही येत नाही. चालवून घ्या.

मावशी नाशिकला टेलिफोन ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा तो काळ. देवळाली कॅम्पातल्या जवानांच्या बायका "ताई, तेवढा पठाणकोट लावून द्या हो" म्हणून गयावया करायच्या आणि मावशी लावून द्यायच्या. निवृत्त झाल्यावर कॅम्पापलीकडच्या आमच्या गावात येऊन राहिल्या. गावात सरकारी टेलिफोनचं दोन खोल्यांचं एक्स्चेंज आहे. गाव खोलगटात, मोबाइलला रेंज हवी तर गच्चीवर चढा. शाळेचं इंटरनेट, उपकेंद्राचा फोन, भाजीच्या गाड्यांचे निरोप, सगळं त्या तारेवर चालतं. आणि एके दिवशी कानावर आलं, ग्राहक उरले नाहीत म्हणून एक्स्चेंज बंद करणार.

ग्राहक उरले नाहीत! तार तुटली तर महिनोन्‌महिने जोडायची नाही, माणसं कमी करत न्यायची, आणि मग हात वर करायचे. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली गोष्ट आधी कुजवायची, मग कुजली म्हणून फेकून द्यायची. मी पेटले होते. आम्ही पोरापोरींनी ठरवलं, एक्स्चेंजच्या दारात सरकारी फोनची अंत्ययात्रा काढायची. बांबू आणले, गवत आणलं, मडकं आणलं, आणि वर ठेवायला हार घातलेला जुना फोन. तिरडी बांधत होतो, तेवढ्यात मावशी आल्या.

"कुणाची गं ही?"

"सरकारची, मावशी."

"सरकारला काय होतंय? तू आपल्याच फोनची बांधलीयेस. उद्या फोटो छापून येईल, गाव म्हणेल मेलं ते, आणि उरलेसुरले लोक आपले फोन परत करून येतील. साहेबाला दुसरं काय पाहिजे?"

मी चिडून म्हटलं, "तुम्ही त्यांचा पगार खाल्लाय, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

"खाल्लाय की. फुकट नाही खाल्ला. तिरडी सोडा, बांबू इकडे आणा."

ओढ्याजवळ खांब पडून केबल रस्त्यावर लोळत होती, तिच्यावरून ट्रॅक्टर जात होते. मावशींनी आमच्याच बांबूंच्या कैच्या, म्हणजे फुलीसारखे टेकू, बांधायला लावल्या आणि केबल त्यांच्यावर उचलून घेतली. मडक्यात पोरांना प्यायला पाणी भरलं. माझा राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी बांबू कामाला आले, हे खरं.

मग त्यांनी एकुलत्या एक लाइनमनला हाताशी धरलं आणि आम्ही घरोघर फिरलो. कुणाकुणाचे फोन मुके पडलेत, एवढंच विचारायचं. भाषण करायची मला बंदी. एका अंगणात म्हातारे बाबा हसत म्हणाले, "मावशी, आमच्या फोनावर आता कोंबडी बसती."

"तिला उठव बाबा, लाइनमन आणलाय."

फोन एकेक करून वाजायला लागले. "आधी वाजू दे, मग भांड," त्या मला म्हणायच्या. साहेब पाहणीला आले तेव्हा मावशींनी त्यांना घरी चहाला बोलावलं. साहेबांनी बशी हातात घेतली आणि फोन खणाणला. ठेवला, की पुन्हा. ठेवला, की पुन्हा. सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं बाईने! शेवटी मावशींनी रिसीव्हर साहेबांपुढे धरला. "घ्या, तुमचंच गिऱ्हाईक आहे." पलीकडे शेवंती लावणाऱ्या जनाकाकू, त्यांचा आवाज तारेशिवायही ऐकू येतो.

"कोन बोलतंय? मावशी नाय का?"

"मी... टेलिफोनचा अधिकारी बोलतोय."

"मंग बरं झालं. आमचा फोन बंद करायचा नाय, सांगून ठिवते. आता ठेवा, दूध उतू चाललंय."

साहेब हसले. मी हसले नाही, मी पत्रकच पुढे केलं. एक्स्चेंज अजून चालू आहे. उद्याची हमी कुणी दिलेली नाही, आणि पुन्हा टाळं घेऊन आले तर आम्ही दारात असू, हे इथे छापूनच ठेवते.

तेराव्याला जमलेले पाहुणे म्हणाले, बाई गेली, आता तो फोन कशाला, काढून टाका. दुसऱ्या दिवशी वहिनी मला घेऊन नाशिकच्या टेलिफोन ऑफिसात गेल्या. खिडकीतल्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "मयताचा फोन ना? बंद करायचाय?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, "माझ्या नावावर करायचाय."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

परत आलो तेव्हा मावशींची खोली बंद होती आणि आत फोन वाजत होता. वहिनींनी चपला न काढताच कुलूप काढलं, खुर्ची ओढून ताठ बसल्या आणि रिसीव्हर उचलला. पलीकडून कुणी तरी मावशींना विचारत होतं.

"त्या नाहीत हो आता. मी त्यांची सून. कुणाची लाइन बंद पडलीय, सांगा."