रिकाम्या डब्यावरचा ठेका

"ते सगळ्यात बेकार गाणं हाय, डिलीटच करून राह्यलो मी," जालन्याच्या जीपमध्ये माझ्या समोर बसलेला मुलगा शेजारच्या मित्राला म्हणाला.

सीट भरल्याशिवाय जीप घनसावंगीहून हलणार नव्हती, त्यामुळे पुण्याच्या एका पंक बँडचं एकेक गाणं दोघं चघळत बसले होते. 'खड्डा' सगळ्यात भारी, यावर एकमत होतं. भांडण 'आई झोपलीय'वरून होतं. हळू आवाजातलं त्यांचं ते एकच गाणं.

"पंक म्हंजे बोंबलायला पाह्यजे. ही तर अंगाई झाली."

"मंग झोप की तू," मित्र म्हणाला.

होस्टेलच्या पहिल्या वर्षी मला त्याच गाण्याची सोबत होती. पण इंग्रजी शाळेमुळे मराठीत वाद घालताना मी अडखळते आणि लोक हसतात. म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

समोरच्या मुलाच्या मांडीवर तेलाचा रिकामा डबा होता. बोलताना त्याची बोटं डब्यावर चालत होती. दोन ठोके, जरा थांबून तिसरा. तो ठेका मी झोपेतही ओळखला असता. गाणं काढून टाकायला त्याने एका हाताने फोन उघडला, तरी दुसरा हात वाजवतच होता.

"अहो," मी म्हणाले, "मघापासून तुम्ही तेच वाजवताय."